कलम सापडेपर्यंत

अशील समोर बसला की इंदुताईंचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "भांडण खरं हाय का हौसेचं?" खरं असेल त्याला आधी पाणी, हौसेचं असेल त्याला आधी चहा. बहुतेकांना चहाच मिळे. चाकणजवळच्या शेतकरी घरातल्या इंदुताई चिंचवडला वकिली करत. कोर्टात त्यांचं मराठी इस्त्रीचं असे, ऑफिसात गावचं. मी त्यांची ज्युनिअर. इंग्रजी शाळेतली, त्यातून अबोल, म्हणून त्या मला 'कॉन्व्हेंट' म्हणत.

एका दुपारी आम्ही डबे उघडले आणि एका हॉस्पिटलच्या मॅनेजरचा फोन आला. इंदुताईंचा हात भाकरीत होता, म्हणून फोन स्पीकरवर. कोर्टाच्या परवानगीने उशिराचा गर्भपात झाला होता, पण बाळ श्वास घेत जन्मलं होतं. मुलगी.

"मॅडम, आदेश गर्भपाताचा आहे, उपचारांचं त्यात काहीच नाही. डॉक्टर तिला काचेच्या पेटीत ठेवायला निघालेत. मी म्हटलं, आधी कायदा काय म्हणतो ते बघू."

"बघू की. तवर तिला श्वास धरून ठेवायला सांगा."

इंदुताईंनी हातातला घास डब्यात परत ठेवला.

"रडतीय का?"

"हो. अगदी बारीक."

"मग तिनं तिची बाजू मांडली. डॉक्टरांची वाट सोडा, राव."

"आणि आईला विचारायचं का?"

"तिनं तिचं ठरवलं, कोर्टानं ऐकलं. पुन्हा इचारू नका. बाळ बघायचं म्हणाली तर दाखवा, न्हाईतर झोपू द्या तिला."

त्याला हे लेखी हवं होतं. मी एव्हाना जाड पुस्तकांत बुडाले होते. "ताई, नेमकं कलम सापडत नाहीये."

"शोध सावकाश. तुला येळ हाय, कॉन्व्हेंट. तिला न्हाई."

'श्वास घेणाऱ्या बाळावर उपचार करावेत' एवढंच त्यांनी लिहिलं आणि कलमाच्या जागी आपली सही ठोकली.

मुलगी वाचली, पुढे दत्तक गेली. अशा बाळावर उपचार व्हावेत आणि त्यापायी आईला कुणी छळू नये, हे कायद्यातच स्पष्ट असावं, म्हणून इंदुताईंनी सरकारला मसुदा पाठवायचं ठरवलं. तो लिहायचं काम माझ्याकडे आलं. माझं पहिलंच वाक्य अर्ध्या पानाचं झालं. "हे वाचून होईस्तवर बाळाचं बारसं उरकंल," म्हणत त्यांनी ते खोडलं.

'विचाराधीन' असं सरकारचं उत्तर आलं, तेव्हा इंदुताई हयात नव्हत्या. मुलगी बालवाडीत जायला लागली असेल.