संख्येच्या रकान्यात तीन

आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर वाद नको... असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. आमच्या आजोबांनी छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हा देव्हाऱ्याबरोबर भुतंही घराबाहेर काढली. लहानपणी शेजाऱ्यांकडून चकव्याची गोष्ट ऐकून आलो की वडील तीनच प्रश्न विचारायचे, "कोणं पाह्यला? किती वाजता? उंची किती होती?" तेवढ्यात भूत संपायचं. पुढे मी भद्रावतीला फॅक्टरीत तीस वर्षं माल तपासला. गेजमध्ये बसला तर पास, नाही तर परत. आणि तसंही आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात माणूस वाघाला भितो, भुताला भ्यायला त्याच्याकडे वेळ नसतो.

तर असा मी, रामटेके, वय साठ, रिटायर्ड, आज इथे 'अमानवीय अनुभवां'च्या धाग्यावर लिहायला बसलोय याचं माझं मलाच हसू येतंय.

रिटायर झाल्यावर मला पाखरांचा नाद लागला. रोजचं फिरणं माजरीकडे, जुन्या खाणीत साचलेल्या पाण्यावर. महिन्यातून एक रविवार मात्र लांबची फेरी — मोटरसायकलनं चंद्रपूर, मूल, तिथून गडचिरोलीच्या रस्त्याला लागायचं आणि एका फाट्यावरून चार किलोमीटर आत. तिथे एक माजी मालगुजारी तलाव आहे. सरकारी कागदावरही त्याचं 'मामा तलाव' असंच करून टाकतात, त्यामुळे बाहेरून आलेला प्रत्येक जण विचारतो की हे मामा कोण. गावाचं नाव मी सांगणार नाही. ते का, हे पुढे कळेलच. बाकी सगळं सांगतो. उत्तरेला लांबलचक मातीची पाळ, दक्षिणेला पाणी उथळ होत होत धानाच्या बांध्यांना, म्हणजे भातखाचरांना भिडतं, आणि तिथे मोहाची तीन झाडं. थंडीत अडई, कमळपक्षी, चक्रवाक... सकाळी नऊच्या उन्हात पाळीवर बसलं की घरी जावंसं वाटत नाही.

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात मी तिथे एकटाच गेलो होतो. फोन वाजून पाखरं उडतात म्हणून तो मुद्दाम गाडीच्या डिकीत ठेवला होता. मोहाच्या झाडांपाशी पोचलो आणि समोर सारस. जोडी! राखाडी अंग, लाल मान, माणसाएवढी उंची. दोघांनी पंख पसरले, उड्या मारल्या, माना वर करून एका सुरात अशी हाक दिली की माझ्या छातीत घुमली. आपल्या जिल्ह्यातून सारस गेलेच असं सगळे धरून चालले होते, आणि ते माझ्यापुढे नाचत होते.

त्या वेळी मी एक गोष्ट केली. ती कुणाला, अगदी बायकोलाही सांगितली नाही. मी कानटोपी काढली आणि त्यांना हात जोडले. आमच्या घरात असं पाखराबिखराला हात जोडणं बसत नाही. पण जोडले गेले.

घरी येऊन आमच्या पक्षी ग्रुपवर टाकलं — सारस, दोन. ग्रुपचे सर, म्हणजे निवृत्त हेडमास्तर, त्यांचा लगेच प्रश्न, "फोटो?" नाही म्हटल्यावर उत्तर आलं, "फोटो नाही तर नोंद नाही." नियम बरोबरच आहे, मीही दुसऱ्याला हेच म्हटलं असतं. पण मग कुणी म्हणालं राखी बगळा असेल, कुणी म्हणालं धुकं होतं का, आणि महिन्याभरात माझं नाव 'सारसभाऊ' पडलं. एका लग्नात तर जेवणाच्या पंगतीत कुणीतरी ओरडून विचारलं, "सारसभाऊ, आज काय दिसलं?" घरी बायकोचंही तेच, "बगळाच असन जी, कायले जिवाले लावून घेता." तीस वर्षं माझ्या सहीवर माल पास झाला होता, आणि आता माझ्या डोळ्यांवर कुणाचा भरवसा नाही. मला लागलं. फार लागलं, खोटं कशाला सांगू.

मग मी हट्टाला पेटलो. कॅमेरा घेतला. दोन वर्षं दर महिन्याला त्या तलावावर खेटे घातले. सारसाचं पीसही दिसलं नाही.

गेल्या जानेवारीतला रविवार. सोबत सलीमभाई होता. सलीम माझा शाळेपासूनचा दोस्त, भद्रावतीत टेलरिंगचं दुकान. गिऱ्हाईक पायरी चढायच्या आत त्याची छाती-कंबर सांगतो असा त्याचा लौकिक. पाखरांत त्याला काडीचा रस नाही, तो तर्रीपोह्यासाठी येतो. गुडघ्यामुळे तो पाळीवरच बसला, माझी दुर्बीण गळ्यात घालून. मी कॅमेरा घेऊन तलावाला वळसा घातला. नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. धुकं पूर्ण उठलं होतं, हे लक्षात ठेवा.

दोन बांध्यांमधल्या धुऱ्यावरून चाललो होतो तर वाटेत एक म्हातारा उभा. अंगावर राखाडी घोंगडी, डोक्याला आणि गळ्याला लाल दुपट्टा गुंडाळलेला. गुराखी उभे राहतात तसा एक पाय दुसऱ्या गुडघ्याला टेकवून. अंगानं काटक आणि चांगलाच उंच.

"नमस्कार, बाबाजी," मी म्हणालो.

"बाबाजी नाई, मामा म्हण. सारे मामाच म्हणतात मले." मग माझ्या कॅमेऱ्याकडे मान वाकडी करून पाहत म्हणाला, "कोणाले पाहून राह्यला, बापू?"

"सारस दिसतात का हो इकडे, मामा?"

"मंग हळू बोल. पोरगी आली हाये. जावई बी हाये संगं. जावई लय बुजरा हाये."

मला वाटलं जवळपास यांची झोपडी असेल आणि लेक-जावई पाहुणे आले असतील. म्हटलं, वा, छान. तर म्हातारा म्हणाला, "तिची माय राह्यली असती तं खुश झाली असती. मागच्या पावसाळ्यात तारेले लागून गेली." शेतातल्या तारांनी असे अपघात होतात, मला वाईट वाटलं.

तोच पुढे बोलला, "तू त्या साली बी आलता. थंडीत. टोपी काढलती, हात जोडलते. आमी दोघंबी होतो तवा. मी तिले म्हटलो, हा माणूस बरा हाये."

"तुम्ही कुठे होता मामा तेव्हा?"

"इथीच त होतो. समोर."

समोर कुणी नव्हतं. हे मी छातीठोक सांगतो. पण त्या क्षणी मला दुसरंच सुचलं. म्हटलं, हा माझा साक्षीदार! दोन वर्षं जे साचलं होतं ते सगळं त्या अनोळखी म्हाताऱ्यापुढे ओकलो, हात हलवून हलवून. "मग तुम्ही पाहिलंत ना? लोक मानत नाहीत हो मामा. फोटो नाही म्हणतात."

त्याला ते काही समजेना. "फोटो कायले पाह्यजे? तू पाह्यला. मी तुले पाह्यलो. झालं नं."

काय सांगू, माझे डोळे भरून आले. दोन वर्षांत एवढं साधं कुणी बोललं नव्हतं.

मग त्यानं काठीनं... नाही, काठी नव्हती त्याच्याकडे. मानेनंच दाखवलं. "या धुऱ्यानं जाय. मोहाच्या मागं. तिथी खाली बस. उभा राह्यला तं जावई पयते."

मी गेलो, बसलो. आणि पाचव्या मिनिटाला मोहाच्या मागून सारसाची जोडी चालत बाहेर आली. मादी पुढे, नर तिच्या मागे अंग चोरून. मी चाळीस फोटो काढले. त्यातले अठ्ठावीस स्वच्छ आले. दोघं पाण्याकडे गेल्यावर मागे वळलो — मामांना सांगायचं होतं, फोटो मिळाला म्हणून. धुऱ्यावर कुणी नव्हतं.

पाळीवर आलो तर सलीम उभा राहून माझी वाट पाहत होता. गुडघा विसरून!

"अबे, तू पागल आहे का? त्याच्याशी काय बोलून राह्यला होता?"

"मामाशी? अरे, त्यांनीच तर दाखवले सारस."

"कोणता मामा बे? तो सारस! मोठा. तुझ्या बाजूले उभा होता, दोन हातांवर. तुझ्याहून बोटभर उंच. मी इथी श्वास रोखून बसलो, म्हटलं हा येडा उडवते आता त्याले. आन तू हात हलवून गप्पा मारून राह्यला. त्याची बी मान खालीवर, खालीवर... मंग तू पुढे गेला, आन तो पाण्यात उतरून गवतामागं गेला."

मला वाटलं मस्करी करतोय. सलीम माणूस तसाच आहे. पण त्यानं मोबाइल पुढे केला. त्यानं फोटो काढला होता, तीनशे मीटरवरून. त्यात धुऱ्यावर दोन ठिपके दिसतात. एक मी. दुसरा मोठा केला तर नुसते चौकोन चौकोन. मी पुन्हा तलावाला वळसा घालून धुरा तपासला, नोकरीची सवय. ओल्या मातीत माझे बूट उमटले होते आणि शेजारी तळहाताएवढे तीन बोटांचे ठसे, पाण्यातून आलेले आणि पाण्यात गेलेले. माणसाचं दुसरं पाऊल नाही. आता सारस असलेल्या जागी सारसाचे ठसे असणारच, त्यात विशेष नाही, हे मीही जाणतो.

परतताना फाट्यावरच्या टपरीत चहा घेतला. टपरीवाल्याला विचारलं, इथे मामा म्हणून कुणी उंच म्हातारा आहे का, ज्याची बायको मागच्या पावसाळ्यात तार लागून गेली?

"मामा तं आमच्याकडं गल्लीगल्लीत हायेत जी," तो हसला. "पण तारेले लागून कोणी बाई नाई गेली. एक मोठं पाखरू मेलतं तलावाकडं, लाल मुंडीचं. आमीच पुरलो त्याले."

सलीमनं हातातली खारी बशीत ठेवली. मूल येईपर्यंत आम्ही दोघंही गप्प होतो. सलीमचं एवढा वेळ गप्प बसणं, हाही माझ्या दृष्टीनं एक अमानवीय अनुभवच.

दुसऱ्या दिवशी सलीमच्या दुकानात बसून फोटो ग्रुपवर टाकले. काय सांगू! टाळ्या, फुलं, अभिनंदन. सरांचा फोन आला, "रामटेके, मी चुकलो. मनापासून माफी मागतो." माझा ऊर भरून आला. मग त्यांनी नोंदीचा फॉर्म पाठवला. गावाचं नाव गुप्त ठेवायचं असं ठरलं, गर्दी नको म्हणून. बाकी तारीख, वेळ, अधिवास... आणि एक रकाना — संख्या.

मी २ लिहिलं. सलीमनं मशीन थांबवली. "तीन होते."

"सलीम, फोटोत दोन आहेत. आत्ता कुठे लोक मानायला लागले बे."

"मी तं तीन मोजले. पुढं तुझी मर्जी." आणि त्यानं मशीन चालू केली.

मी बराच वेळ तो २ पाहत बसलो. दोन लिहिले असते तर विषय संपला असता. सारसभाऊ हे नाव मागे पडलं असतं, पंगतीत कुणी हसलं नसतं. पण डोक्यात ते वाक्य फिरत होतं — तू पाह्यला, मी तुले पाह्यलो, झालं नं. त्यानं माझं म्हणणं मानायला कागद मागितला नव्हता. मग त्याला मोजताना मी फोटो मागायचा? मी २ खोडला, ३ लिहिलं आणि फॉर्म पाठवून दिला.

पाच मिनिटांत सरांचा मेसेज, "तिसऱ्याचा फोटो?"

मी उत्तर दिलं, "फोटो नाही. मी पाहिला."

झालं. संध्याकाळपर्यंत मी पुन्हा सारसभाऊ. नोंद दोनचीच धरली, तिसऱ्यापुढे प्रश्नचिन्ह आहे. खरं सांगतो, या वेळी लागलं नाही.

मला अजून उलगडा झालेला नाही. सकाळपासून पोटात दोनच टोस्ट होते, साखर कमी झाली असेल, असं डॉक्टर म्हणतात. असेलही. पण टोपी काढल्याचं आणि हात जोडल्याचं मी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि सलीमनं तर पोटभर पोहे खाल्ले होते. वडील असते तर त्यांनी तीन प्रश्न विचारले असते. कोणं पाह्यला — मी आणि सलीम. किती वाजता — सकाळी नऊ दहाला. उंची किती — माझ्यापेक्षा बोटभर जास्त, टेलरच्या मापानं. याच्यापुढे वडील काय म्हणाले असते ते मला ठाऊक नाही.

बायकोला मात्र सगळं सांगितलं, हात जोडल्याचंही. बगळा असन, असं ती या वेळी म्हणाली नाही. पुढच्या रविवारी निघालो तर तिनं पिशवीत शेरभर धान बांधून दिलं. मी म्हटलं, अगं, पाखरांना खायला घालायचं नसतं, ग्रुपचा नियम आहे.

"पाखरासाठी नाई जी," ती म्हणाली. "मामाकडं कोणी रिकाम्या हातानं जाते का?"