गोळीपुरता आवाज

आमच्या गल्लीतल्या केशकर्तनालयाच्या मालकाला सगळे 'रेडिओ' म्हणत. कात्री थांबली तरी त्याचं तोंड थांबत नसे. गिऱ्हाईक दाढीला बसलं की त्याच्या सासूपासून सरकारपर्यंत सगळ्यांची हजामत एकाच खुर्चीत व्हायची.

मग त्याच्या डाव्या डोळ्याची पापणी उतरू लागली. सकाळी ठीक, दुपार कलली की अर्धी मिटलेली. "काय रे, डोळा मारतोस का?" लोक हसत. तोही हसे. पुढे बोलता बोलता शब्द जड व्हायला लागले, नाकातून यायला लागले, आणि एकदा दाढी चालू असतानाच वस्तरा धरलेला हात आपसूक खाली आला. गिऱ्हाईक साबणाच्या तोंडानेच उठलं. "दिवसाढवळ्या ढोसून येतो," ही बातमी संध्याकाळच्या आत गल्लीभर झाली. आयुष्यात थेंबाला न शिवलेला माणूस. पण शपथ घ्यायलाही जीभ वळेना.

बायकोने मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी दंडात निओस्टिग्मिनचं इंजेक्शन दिलं. थोड्या वेळाने पापणी वर सरकली.

"अगं, किती वाळलीस तू!" तो खणखणीत बोलला. बायकोला तिथेच रडू फुटलं.

"हे बरे झाले असं समजू नका," बाई म्हणाल्या. "नसांचा निरोप स्नायूंपर्यंत नीट पोचत नाही. औषध तो निरोप थोडा वेळ टिकवून ठेवतं, एवढंच."

परतीच्या बसमध्येच पापणी पुन्हा उतरली.

त्याच जातीच्या औषधाच्या गोळ्या सुरू झाल्या. गोळी घेतली की दोन-तीन गिऱ्हाइकं व्हायची, मग हात गळायचे. दुकान हातचं जाईल या धास्तीने तो चोरून जास्त गोळ्या घेऊ लागला. तोंडाला लाळ सुटे, पोटात मुरडा येई, आणि जास्त झालेल्या औषधानेच हात उलट आणखी लुळे पडत. त्याला वाटे गोळी कमी पडली, म्हणून आणखी एक. एका दुपारी बायको डबा घेऊन आली, तर तो खुर्चीत घामाने निथळत होता, श्वास अडकत होता.

"अहो, किती घेतल्या? बोला ना काहीतरी!"

त्याला बोटाने सांगायचं होतं. बोटही हललं नाही.

दवाखान्यातल्या मशीनने त्याला श्वास दिला, म्हणून तो वाचला. गोळ्यांची बाटली बायकोच्या ताब्यात गेली, दुकान मेहुण्याच्या. आता तो मागच्या बाकावर बसतो. मेहुणा गिऱ्हाइकाच्या मानेवरची केसांची कड वाकडी घेतो. ह्याला ते दिसतं, सांगायचंही असतं. पण शब्द जुळेपर्यंत गिऱ्हाईक पैसे देऊन निघून गेलेलं असतं.