पायरीवरची पंगत

नांदेडच्या उपचार केंद्रात दर मंगळवारी देगलूरची एक बाई भेटते. तिच्या मुलाला चालता येत नाही, माझ्या मुलीलाही नाही. व्यायामाची खोली मात्र वरच्या मजल्यावर आणि लिफ्ट कायम बंद. आडतीच्या धंद्यात भल्याभल्यांना वाकवणारा मी, पण लिफ्टसाठी केंद्राच्या साहेबांशी भांडभांडून नुसता घसा बसवून घेतला. बाई बोलायच्या आधी हसते. ‘अय्यो शेटजी, चिडू नगा. आधी भाकर खावा.’

गेल्या मंगळवारी माझी कंबर धरली, पोरगी उचलवेना. व्यायाम बुडणार म्हणून मी खालीच ओरडत होतो. बाईनं पायरीवर फडकं पसरलं, भाकरी आणि शेंगाची चटणी मांडली आणि सगळ्या आयांना लेकरांसकट जेवायला बसवलं. व्यायाम घेणाऱ्या मॅडम आल्या आणि थबकल्या. जेवणारं माणूस ओलांडून वर जाणार कशा?

‘बसा की म्याडम, तुमच्यापुरती हाय.’

मॅडम हसत बसल्या. जेवण झाल्यावर त्यांनी तिथंच सतरंजी टाकली आणि माझ्या मुलीचे पाय हातात घेतले.

‘हे आधीच का नाही केलंत?’ मी बाईवर उखडलो.

‘तुमचं भांडण सरायची वाट बघून राहिले व्हते, शेटजी.’