धरणाचा जावई

धरणात गाळ साचतो तसे आमच्या सेक्शन ऑफिसात किस्से साचतात. फरक एवढाच, की गाळ काढायचं निदान टेंडर तरी निघतं. किस्से काढायला मीच बसतो, आणि तेही फुकट!

मी सेनगावकडच्या एका मध्यम धरणावर इंजिनिअर. माझ्या हाताखाली गंगाधर चौकीदार आणि जीपवाले रहीमभाई. आणि माझ्या डोक्यावर सासूबाई, गयाबाई. कारण त्यांचं गाव याच धरणात गेलं.

* * *

आमच्या लग्नाची बोलणी चालू होती. कोणीतरी विचारलं, "पोरगा काय करतो?"

माझे मामा ऐटीत म्हणाले, "धरणावर साहेब हाय!"

कोणतं धरण ते कळल्यावर बायकोचे चुलते सुपारी कातरत म्हणाले, "घर दिलं, वावर दिलं. पोरगी तेवढी राहिली व्हती. ती बी धरणालाच देऊन टाका!"

धरण झालं तेव्हा मी चौथीत होतो, असं मी घाईघाईने सांगितलं. त्यावर निदान चहा तरी आला.

* * *

बुडालेल्या झाडांच्या बदल्यात नवी झाडं लावा, असा वरून आदेश आला. आम्ही ऑफिसामागच्या मुरमाड उतारावर लावली. फोटो काढले. उन्हाळ्यात त्यांच्या काड्या झाल्या, आणि नेमके तेव्हाच मोठे साहेब व्हिजिटला आले.

"अरे, समोर एवढं पाणी असून झाडं वाळली कशी?"

मी उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात गंगाधरने हात जोडले. "साहेब, ते पाणी शेतीचं हाय. झाडाचं अजून मंजूर व्हायचं हाय."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी धरणाकडे पाहिलं. परवानगीची फाइल मीच पाठवली होती, ती मंजूर होईपर्यंत पाणी न देण्याची हुशारीही माझीच होती.

* * *

कालव्याच्या वरच्या अंगाला हळद अशी काही पिकते, की बघत राहावं. तिथल्या एका गावाने माझा सत्कार केला. शाल, नारळ, फेटा! मीही धरणाच्या फायद्यांवर लांबलचक भाषण ठोकलं. पूर्वी तिथली माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला जायची, आता गावात दुसऱ्या गावचे मजूर येतात. यात खोटं काहीच नव्हतं.

परतताना धरणाच्या खालच्या बाजूला नदीपाशी रहीमभाईंनी जीप थांबवली. पात्रात नुसते गोटे. काठावर एक म्हातारे भोईबाबा जुन्या जाळ्याचा दोर सोडवत बसले होते.

"साहेब, सत्कार कशाचा?"

"पाणी दिलं म्हणून."

बाबांनी कोरड्या पात्राकडे बघितलं. "आमचंच व्हतं ते. बरं झालं, कोनाच्या तरी कामी आलं."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. मी शाल घडी करून सीटखाली ठेवली. उन्हाळा होताच, शालीचं काय काम म्हणा!

* * *

सासूबाईंचं नवं गाव धरणाच्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावर आहे, आणि चैत्र लागला की तिथे टँकर येतो. त्यामुळे मी सासुरवाडीला मिठाईऐवजी पाण्याचे कॅन घेऊन जातो. गल्लीतल्या बायका म्हणतात, "गयाबाई, तुमचा टँकर आला!"

सासूबाई मात्र कॅनकडे बघतही नाहीत. त्यांचा प्रश्न ठरलेला. "जावईबापू, पानी कितीक उतरलं?"

त्यांना एकदा आपल्या घराच्या जोत्यावर पाय ठेवायचा होता. गुडघे चालताहेत तोवर. पण जोतं उघडं पडायचं तर धरण तळाला जायला हवं, आणि धरण तळाला गेलं की कालव्यावरची हळद गेली. म्हणून मी दरवर्षी सांगायचो, "भरपूर आहे, मामी!" त्या मान हलवायच्या आणि चहा टाकायला उठायच्या. धरण भरल्याचं वाईट वाटणारा महाराष्ट्रातला बहुतेक मी एकटाच इंजिनिअर असेन!

* * *

मग एका वर्षी पाऊस दगा देऊन गेला. कालवा बंद केला. सगळीकडून शिव्यांचे फोन यायला लागले, कालव्यावरच्या साखऱ्याकडून, पुसेगावकडून. त्यात एकच फोन आनंदाचा होता. "जावईबापू, दिसून राहिलं म्हनते गाव. खरं हाय काय?"

सकाळीच निघालो. गाळ सुरू झाला तिथे रहीमभाई जीपपाशी थांबले. भेगाळलेल्या गाळातून सासूबाई पुढे, मी आणि गंगाधर मागे. त्या माणसांना ओळख करून द्यावी तशी दगडांची नावं सांगत होत्या. "हे शेवंताचं घर. ही शाळा. हा आपला निळ्या झेंड्याचा कट्टा, इथं जयंतीला रात रात गाने व्हायचे."

एका जोत्यापाशी त्या थांबल्या. वर भिंत नाही, छप्पर नाही. नुसत्या चार दगडी रांगा आणि मध्ये वाळलेला गाळ. त्यांनी पदराने कोपऱ्यातला एक दगड पुसला. मी जोत्याची उंची बघायला बूट घातलेला पाय वर टाकला.

"थांबा! पहिल्यांदा घरी येऊन राहिलात, आन तसेच येता व्हय?"

मी बूट काढले. गंगाधरने धावत जाऊन उरलेल्या डबक्यातून बाटलीभर पाणी आणलं. सासूबाईंनी माझ्या पायांवर ते ओतलं, आपण आधी वर चढल्या, पदर सारखा केला आणि वळल्या.

"या आता. वाकून या, चौकट ठेंगनी हाय."

मी वाकलो. माझ्यामागे गंगाधर होता. तो माझ्याहून उंच, तो जरा जास्तच वाकला.