काशीचं वाळवण

आज किनाऱ्यावर पत्र्याचं नवं कुंपण दिसलं. वर पाटी: ‘रिकामी जागा, प्रवेश बंद.’ सुक्या बोंबलांचा वास अजून वाळूतून येतोय आणि म्हणे रिकामी! पाटी लिहिणाऱ्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. मग त्यातले पहिले दोन शब्द ओळखीचे वाटले आणि माझी मलाच चीड आली.

वीसेक वर्षांपूर्वी मी इथे शाळामास्तर होतो. गावातल्या जागांची नावं नोंदवायचं सरकारी काम माझ्या गळ्यात पडलं होतं. मी गेलो ऐन पावसाळ्यात. होड्या वर ओढलेल्या, बोंबील वाळवायचे बांबू काढून ठेवलेले, सगळीकडे नुसती ओली वाळू. जागा दाखवायला आलेली सत्तरीची कोळीण पारूमावशी मात्र अनवाणी पुढे चालत दर दहा पावलांवर थांबत होती.

“ही होडीमोड. ही गोड्या पान्याची खाच. आनि हे काशीचं वाळवण. काशी म्हंजे माझी सासू.”

माझी चप्पल चिखलात रुतत होती, तक्ता भिजत होता, मला बोईसरची एसटी गाठायची होती.

“सगली लिवलीत ना, मास्तर? वाचा बगू.”

मी तक्ता समोर धरला आणि सगळी नावं खणखणीत आवाजात म्हणून दाखवली. एकही चुकलं नाही. ती खूश होऊन मान डोलवत राहिली. घरी जाऊन ही गंमत मी हसत हसत बायकोला सांगितली.

पारूमावशीला वाचता येत नव्हतं. तक्त्यावर मी दोनच शब्द लिहिले होते: रिकामी जागा.