चुकलेल्या समुद्राचं कॅलेंडर

"मशीन का थांबलं?" मनसुखभाईंनी केबिनमधून विचारलं.

"बाळारामकाकांनी थांबवलं," मी म्हणाले.

"क्यों?"

"ते म्हणतायत, समुद्र चुकलाय."

मनसुखभाई आमच्या प्रेसचे मालक. भाईंदरला, नवघरच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमचे दोन गाळे होते. मी तिथे डीटीपी करायचे, म्हणजे छापायची पानं कॉम्प्युटरवर मांडायचे. लग्नपत्रिका, औषधांची खोकी, शाळांच्या डायऱ्या. आणि त्या वर्षी चक्क एक देश आला.

देश म्हणजे त्याचं पुढच्या वर्षाचं कॅलेंडर. पॅसिफिकमधली चिमुकली बेटं. तिथली सगळी माणसं आमच्या पाच-सहा टॉवरांत मावली असती. सरकारतर्फे घरटी एक कॅलेंडर जातं, ते काम काशीमीऱ्याच्या एका एक्स्पोर्टरमार्फत आमच्याकडे आलं होतं. महिनाभर आम्ही सगळे हवेत. मनसुखभाई फोनवर ज्याला त्याला सांगायचे, "अभी कंट्री का काम चालू है." मी रोज जेवताना त्या देशाच्या सुट्ट्या वाचून दाखवायचे. मुलांच्या दिवसाची सुट्टी. दुसऱ्या दिवशी, मुलांमुळे दमलेल्या मोठ्यांची सुट्टी. नारळाची सुट्टी. होड्यांच्या शर्यतीला तीन दिवस, कारण एका दिवसात भांडण मिटत नाही. बाइंडिंगच्या बायकांनी तर तिकडेच राहायला जायचं ठरवून टाकलं होतं.

प्रत्येक तारखेखाली भरती-ओहोटीच्या वेळा आणि पाण्याची उंची होती. पौर्णिमा-अमावस्येला मी पांढरे-काळे गोल टाकले होते. प्रूफ, म्हणजे छापण्याआधीची नमुना प्रत, तिकडच्या सरकारी ऑफिसातल्या लोसामॅडमनी सही करून पाठवली होती. शुक्रवारी सकाळी मशीन सुरू झालं. शनिवारी माल एक्स्पोर्टरच्या गोडाउनला पोचायचा होता.

बाळारामकाका आमचे मशीनमन. किनाऱ्यावरच्या गावातले कोळी, तरुणपणी वडिलांच्या होडीवर जायचे. रंग नीट बसलाय का बघायला त्यांनी पहिलं शीट उचललं आणि बघतच राहिले.

"ताई, हा पांढरा गोल म्हंजे पुनव ना?"

"हो."

"मंग सगळ्यात मोठी भरती दोन दिवस अगोदर कशी? उधाण पुनवेला येतं, न्हाय तर एक-दोन दिवस मागून. इथं पाणी चंद्राच्या फुडं पळतंय."

"काका, तो दुसरा समुद्र आहे."

"चंद्र तर तोच हाय ना?"

मनसुखभाई बाहेर आले. "पार्टीने साइन किया है ना? अपनी जिम्मेदारी खतम. चलाव."

"शेठ, हे बघून माणसं होड्या काढतील," काका म्हणाले. "खडकावर पाणी हाय समजून जातील, आणि न्हाय निघालं तर?" आणि ते हात पुसून स्टुलावर बसले. त्यांनी कामाला नकार दिलेला मी तोवर कधीच पाहिला नव्हता.

मी बाराही महिने तपासले. सगळीकडे पाणी पुढे. ते तक्ते मीच पेस्ट केले होते. आमच्याकडे सकाळचे दहा वाजले होते, म्हणजे त्यांचे दुपारचे साडेचार, ऑफिस बंद व्हायची वेळ. मी व्हिडिओ कॉल लावला.

लोसामॅडम पर्स खांद्याला लावून निघालेल्याच होत्या. माझं ऐकून त्यांनी फाइल उघडली. तक्त्यावरचं वर्ष वाचलं.

"हे तर या चालू वर्षाचे तक्ते आहेत," त्या हळूच म्हणाल्या. "मीच पाठवले." मग त्यांनी तोंडावर हात ठेवला आणि त्या हसायलाच लागल्या. मलाही हसू फुटलं. दोघींना थांबता येईना.

"पकडलं कुणी?" त्यांनी विचारलं.

मी फोन काकांकडे वळवला. काकांनी शाई लागलेला शर्ट सारखा केला आणि म्हणाले, "मॅडमला सांगा, जरा समुद्र दाखवा."

लोसामॅडमनी आपला फोन खिडकीबाहेर धरला. रस्ता ओलांडला की पाणीच. सगळी प्रेस माझ्या खांद्यावरून वाकली. काकांनी बंधाऱ्याचे ओले दगड निरखले. "ओहोटी लागलीय. तास-दीड तास झाला."

मी इंग्रजीत सांगितलं. लोसामॅडमनी त्याच तक्त्यात आजची तारीख बघितली आणि पलीकडून जोरजोरात होकाराची मान हलवली. आमच्याकडे टाळ्या पडल्या. मनसुखभाईंनीही वाजवल्या.

पुढच्या वर्षाच्या तक्त्यांची फाइल लगेच आली. प्रत्येक रंगाला वेगळी प्लेट लागते. प्लेट म्हणजे ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, त्यावरून मजकूर कागदावर जातो. आकडे फक्त काळ्या रंगात होते, म्हणून तेवढ्याच प्लेट बदलाव्या लागल्या. त्या येईपर्यंत मनसुखभाई स्वतः केबिन रोडवरून सगळ्यांना वडापाव घेऊन आले. शनिवारी दुपारी टेम्पो निघाला.

पुढच्या वर्षीही काम आमच्याकडेच आलं. या वेळी प्रूफवर सहीच्या दोन जागा होत्या. एक लोसामॅडमची. दुसरीखाली टाइप केलं होतं, 'भरती अधिकारी, भाईंदर'. काकांनी तिथे सही करायला दोन दिवस घेतले. बाराही महिने ओळीओळीने तपासले, तेव्हाच पेन उचललं.

मी या धंद्यात एवढं शिकले. प्रूफवर सही आहे म्हणून मजकूर बरोबर असतोच असं नाही. चूक झाली तर ती कोणाची, एवढंच त्या सहीवरून कळतं.