चाल : स्वतंत्र

भालकीच्या आमच्या भजनी मंडळाला उसन्या मालाचं वावडं कधीच नव्हतं. मंडळाची छापील पुस्तिका उघडा. प्रत्येक भजनाच्या डोक्यावर 'चाल' असं लिहून पुढं कुठल्या तरी सिनेमातल्या गाण्याचं नाव दिलेलं असतं. मूळ गाण्यात नायक दारू पिऊन झोकांड्या खात असेल, त्याच चालीवर आमचे लोक डोळे मिटून दत्तगुरूंना आळवणार. गुरूंनीही कधी तक्रार केली नाही. उचलायचं, पण मालकाचं नाव वर छापायचं, असा आमचा सोवळ्यातला कारभार.

सगळ्या पुस्तिकेत एकाच भजनावर 'चाल : स्वतंत्र' असं होतं. ते माझ्या वडिलांचं, अप्पांचं. अप्पा शाळामास्तर आणि मंडळाचे मुख्य गायक. शब्द त्यांचे, चालही त्यांची. मी हायस्कुलात असताना एका हिंदी सिनेमात हुबेहूब तीच चाल आली आणि आमच्या घराला एकदम वजन आलं. मुंबईवाल्यांनी भालकीतून चाल चोरली, हे गावानं एकमतानं मंजूर केलं. माझे चुलतकाका मंडळाचे सेक्रेटरी. त्यांनी तर शोधच लावला की, सिनेमाचा संगीतकार गाणगापूरला जाताना आमच्या स्टँडवर उसाचा रस प्यायला उतरला आणि तेव्हा समोरच्या दत्तमंदिरात अप्पा गात होते. हे पाहिलेलं कुणी नव्हतं, त्यामुळं खोडून काढायलाही कुणी नव्हतं. लग्नात बँडवाला ते गाणं वाजवायला लागला की काका वऱ्हाड थांबवून सांगायचे, "आमच्या अप्पाची हाय ती." अप्पा नको नको म्हणायचे आणि सदरा सारखा करून जरा पुढं यायचे.

अप्पांचं गाणं कुणी कधी टेप केलं नाही. रोज फुकट मिळणारी वस्तू कोण जपून ठेवतो? पहाटे ते पेटी घेऊन बसले की आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "जरा हळू. कुकरची शिट्टी ऐकू येईना." मग त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. आता ते कुजबुजतात, आणि जो जवळ बसलेला असेल तो त्यांचं म्हणणं मोठ्यानं बाकीच्यांना सांगतो. ऑपरेशनच्या आधीच्या दत्तजयंतीला काकांनी मोबाइलवर त्या भजनाचा व्हिडिओ काढून मंडळाच्या यूट्यूब चॅनलवर टाकला होता. मोबाइल पुढं त्यांच्या हातून विहिरीत पडला. म्हणजे अप्पांचा आवाज आता जगात त्या एकाच ठिकाणी होता. आई रोज दिवाबत्ती झाली की तो लावायची, आणि विचारलं तर म्हणायची, ह्यांना करमत नाही म्हणून लावते.

मी बिदरला राहते. परवा तिचा मला फोन आला. "अगं, ह्यातला बी आवाज गेला की त्यांचा."

मी मिळेल त्या बसनं भालकी गाठली. व्हिडिओत अप्पा तोंड उघडत होते, टाळ हलत होते, मागं माणसं डोलत होती आणि ऐकू काहीच येत नव्हतं. काकांना बोलावलं, तर त्यांनी छाती काढून सांगितलं, "मीच बंद केलो."

घडलं ते असं. चॅनलवर संदेश आला होता की ही चाल पाकिस्तानातल्या एका कंपनीच्या गाण्याची आहे. गाणं त्या हिंदी सिनेमाच्या कितीतरी आधीचं, अप्पांच्या भजनाच्याही आधीचं. व्हिडिओ राहील, पण खाली त्या गाण्याचं नाव येईल आणि जाहिरातीची कमाई त्या कंपनीला जाईल; ते नको असेल तर गाण्याचा आवाज बंद करायचा. काका म्हणाले, "दुश्मनाला एक पैसा बी जाऊ देणार न्हाई." हा व्हिडिओ आई सोडून बघत होतं कोण? त्याच्या कमाईत पलीकडच्या साहेबाला कटिंग चहासुद्धा मिळाला नसता. पण देशाच्या रक्षणाचं एवढं मोठं काम काकांनी बाजेवर पडल्या पडल्या अंगठ्यानं उरकलं होतं.

गल्लीतले लोक भेटायला आले, अगदी सुतकाला येतात तसे. अप्पांची चाल दुसऱ्या कुणाची निघाली याचं कुणाला फारसं काही नव्हतं. दुःख होतं ते आपल्याकडं चोरी झालीच नव्हती याचं. मुंबईवाल्यांनी थेट पलीकडून माल उचलला आणि भालकीकडं ढुंकूनही पाहिलं नाही. एवढी वर्षं आम्ही न फुटलेल्या घराचा पंचनामा करत बसलो होतो.

मला मात्र काकांचा असा राग आला होता की त्यांना चहासुद्धा विचारला नाही.

मी मोबाइलवर ते मूळ गाणं शोधून अप्पांच्या कानाशी धरलं. नोकरीच्या सुरुवातीला ते कोहिनूर गावात खोली घेऊन राहायचे, तेव्हा संध्याकाळी शेजारचा रेडिओ कुठलं कुठलं स्टेशन पकडायचा. रेडिओला व्हिसा लागत नाही. कधी कानात शिरलं आणि कधी आपलं झालं, हे त्यांनाही सांगता येईना. ते बोटांनी ठेका धरून शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग मला जवळ ओढून कुजबुजले, "ग्वाड गायलाय." थोडं थांबून म्हणाले, "पण अंतऱ्यात मी वर घेतलोय. त्यो खालीच ऱ्हायलाय."

तिकडं काकांचं चालूच होतं. "दत्ताच्या भजनाखाली त्यांचं नाव? लोक काय म्हणतील? व्हिडिओच काढून टाकतो." अप्पांनी हात वर केला, पण काका बोलतच राहिले. आवाज होता तोवर अप्पांच्या एका हाकेत मंदिर गप्प व्हायचं. आता त्यांच्या डोक्यावरून बोलता येतं, हे काकांना कळलं होतं.

अप्पांनी उशाचे टाळ घेतले आणि एकदाच आपटले. काका गप्प झाले. अप्पांनी त्यांना वाकायला खूण केली आणि कानात काहीतरी सांगितलं. काका तसेच वाकून राहिले.

"काय म्हणायलेत?" आईनं विचारलं.

जवळ काकाच होते, त्यामुळं सांगणं त्यांनाच भाग होतं. "चाल लिहिल्याबिगर आपण कवा भजन छापलोय का, म्हणायलेत." मग खाली बघत म्हणाले, "लिही, म्हणायलेत."

काकांनी चष्मा लावला आणि ज्या अंगठ्यानं बंद केलं होतं त्याच अंगठ्यानं पुन्हा चालू करायला घेतलं. त्याला बराच वेळ लागला. तोवर मी चहा केला, काकांनाही दिला. शेवटी व्हिडिओखाली पलीकडच्या गाण्याचं नाव आलं आणि अप्पांचा आवाज खोलीभर झाला. अप्पा डोळे मिटून ऐकत होते. अंतरा जवळ आला तशी त्यांची मान आपोआप वर गेली. आत कुकरला वाफ धरायला लागली होती. शिट्टी व्हायच्या आत आई उठली आणि गॅस बंद करून परत येऊन बसली.